अब्बांचं यकृत आणि माझा संशय

अब्बा सांगलीच्या पेठेत हळदीचे दलाल होते. हळकुंड मोडलं की नुसत्या आवाजावरून माल किती वाळलाय ते सांगायचे. अम्मी गेल्यावर ते घरात एकटेच राहत. मी साताऱ्यात एका कॉलेजात शिकवत होते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी.चं काम करत होते. माझा विषय होता एक विकर, म्हणजे एन्झाइम. यकृताला वारंवार इजा झाली की तिथं प्रथिनांचे धागे साचतात. हे विकर त्या धाग्यांमध्ये जरासा बदल करतं, मग ते एकमेकांना घट्ट जखडतात आणि मऊ यकृत कडक होत जातं. उंदरांच्या यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात माझे शनिवार-रविवारही जायचे. त्यामुळं अब्बांचे पाय सुजलेत हे मला शेजारणीच्या फोनवरून कळलं.

मी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. रिपोर्टमध्ये यकृत कडक झालेलं बघून डॉक्टरांनी सहज विचारलं, "चाचा, दारू किती वर्षं घेताय?"

"कवा शिवली बी न्हाई," अब्बा म्हणाले.

डॉक्टरांनी मग नीट सांगितलं की जुना मधुमेह आणि यकृतातली चरबी यांनीही असं होतं. पण दार उघडं होतं. बाहेर बाकावर पेठेतला एक ओळखीचा बसला होता, आणि त्यानं तो पहिला प्रश्न तेवढा ऐकला.

दुपारच्या नमाजनंतर अब्बा दोस्तांबरोबर चहाला बसत. तिथं त्यांच्या सगळ्यात जुन्या दोस्तानं हसत विचारलं, "एवढी वर्षं बाटली कुठं लपवत हुतास रं?" बाकीचेही हसले. त्या दिवसापासून अब्बा नमाज पढून थेट घरी यायला लागले. हे त्यांनी मला सांगितलं नाही. शेजारणीनं सांगितलं.

त्यानंतर मी दर शनिवारी एसटीनं सांगलीला जायला लागले. अशाच एका शनिवारी अब्बा मशिदीत गेलेले असताना मी त्यांचं कपाट उघडलं. दारूशिवाय हा आजार कसा होतो हे मी वर्गात शिकवत होते. तरीही मी त्यांच्या कपड्यांखाली हात घातला, तांदळाच्या डब्यामागं बघितलं, स्कूटरची डिकीसुद्धा उघडली. मान वर केली तेव्हा अब्बा फाटकात उभे होते.

"सापडली काय?"

"नाही," मी म्हणाले.

"हात धू. जेवून घेऊ."

आम्ही जेवलो. त्यांनी मला वाढलं. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही माफी मागता आली नाही.

काही आठवड्यांनी ते पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, "तुझं ते एन्झाइम माझ्यात बी आसंल की."

"आहे."

"मग थांबव की त्याला."

मी सांगितलं, तसं औषध माणसांना देऊन बघितलंय, पण गुण आला नाही. माझ्या उंदरांमध्ये सुरुवातीलाच थांबवलं तर फरक पडतो. एकदा धागे जखडले की नंतर थांबवून फारसं काही सुटत नाही.

"म्हंजे मला आता उशीर झाला."

"हो, अब्बा."

"खरं सांगितलंस, बरं केलंस," म्हणून त्यांनी कूस बदलली.

रमजानच्या आधी त्यांना रक्ताची उलटी झाली आणि दवाखान्यात दोन दिवसांत ते गेले. पुरुष जनाजा घेऊन कब्रस्तानाकडं गेले, मी घरात थांबले. तिसऱ्या दिवशी ते जुने दोस्त आले. दारातच उभे राहिले. "पोरी, म्या गंमत केली हुती गं," म्हणाले आणि रडायला लागले. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मी काय केलं होतं ते त्यांना सांगावंसं वाटलं. त्यांचं मन हलकं झालं असतं. मी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी प्रबंध पुरा झाला. विभागात कंदी पेढे वाटले, सगळ्यांनी हात मिळवले. सांगलीच्या घराला कुलूप आहे. शनिवारी आता कुठं जायचं नसतं. तरी दुपारी मी सातारा स्टँडपर्यंत चालत जाते, सांगलीची गाडी सुटेपर्यंत थांबते आणि भाजी घेऊन खोलीवर येते.