तिसगावच्या गोदामातले मामा

श्री. मुकुंदराव शेटे यांची आणि माझी पहिली भेट नगरच्या कापडबाजारात, त्यांच्याच दुकानात झाली. मी हायस्कुलात नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो आणि पँटचे कापड घ्यायला गेलो होतो. मी पसंत केलेले कापड त्यांनी बोटांत चोळून पाहिले आणि सरळ कपाटात परत ठेवले. "हे नका नेऊ गुरुजी, दोन धुण्यांत आखडेल," ते म्हणाले. स्वतःच्या मालाबद्दल असे बोलणारा दुकानदार मी प्रथमच पाहत होतो. दुसरे कापड फाडता फाडता त्यांनी विचारले, "सायकल येते का?" मी हो म्हणालो. "मग रविवारी सकाळी या." कशासाठी, हे विचारायचे मला सुचलेच नाही. रविवारी गेलो तेव्हा कळले, की मी सेवा क्लबाचा सदस्य झालो आहे आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरला धान्यासाठी रिकामी पोती बांधायची आहेत.

मुकुंदरावांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या व्यापारातल्या सचोटीबद्दल, वाचनालयाबद्दल, इतर अनेक कामांबद्दल जाणकार लिहितीलच. मी एकाच वर्षाबद्दल लिहिणार आहे. त्या वर्षी ते क्लबाचे अध्यक्ष होते आणि मी चिटणीस. इतकी वर्षे लोटली, तरी त्या वर्षाकडे वळून पाहताना माझी मान आपोआप वर होते, एखाद्या उंच कड्याखाली उभे राहिल्यावर व्हावी तशी.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. पावसाने ओढ दिली होती आणि पाथर्डी तालुक्यात विहिरींचे तळ दिसू लागले होते. दिवाळी झाली, की तिकडच्या वस्त्यांमधून बैलगाड्या ऊसतोडीला निघत त्या पार उन्हाळा लागल्यावर परतत. मुलेही गाडीतच बसत. शाळेत त्यांचे फक्त नाव राही. आमचा क्लब तोवर झाडे लावी, दवाखान्यात फळे वाटी आणि फोटो काढून घेई. अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच बैठकीत मुकुंदराव म्हणाले, "यंदा एकच काम करू. तोडणीला जाणाऱ्यांची मुलं हंगामभर तिसगावात ठेवू. जेवण, अंथरूण आणि शाळा." कुणी नाही म्हणाले नाही. हे किती मोठे काम आहे, याचा अंदाजच कुणाला नव्हता.

मग निधी जमवायला सुरुवात झाली. दर रविवारी आम्ही सायकलींवरून गल्लोगल्ली ज्वारी, बाजरी, डाळ गोळा करत असू. दिवाळीच्या तोंडावर मुकुंदरावांनी आणखी एक कल्पना काढली. क्लबातल्या डॉक्टर-वकिलांनी आठवडाभर संध्याकाळी कापडबाजारात विक्रेते म्हणून उभे राहायचे आणि दुकानदारांनी त्यांची मजुरी वसतिगृहाला द्यायची. आमच्यातले एक ज्येष्ठ वकील मीटरपट्टी घेऊन उभे राहिले ते दृश्य पाहायलाच निम्मे नगर लोटले. त्यांना कापड काही केल्या सरळ फाडता येईना. भिंगारहून आलेल्या एक बाई फाटलेल्या कडेकडे बघत म्हणाल्या, "वकीलसाहेब, कोर्टात बी आसंच वाकडं जातंय का हो?" दुकान हसले आणि सगळ्यांत मोठ्याने स्वतः वकीलसाहेब हसले. माणसांना कमीपणा न वाटता कामाला लावणे, ही मुकुंदरावांची हातोटी मी तिथे पाहिली.

तिसगावात एका आडतदारांनी त्यांचे रिकामे गोदाम दिले. ते आम्ही सारवून, चुना देऊन तयार केले. स्वयंपाकाला गावातल्याच सगुणाबाई आल्या. त्या एकट्या राहत, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. सगळे झाले, पण मुले येईनात.

गाड्या निघायच्या आदल्या दिवशी मुकुंदराव आणि मी एका वस्तीवर गेलो. गाड्यांत भांडीकुंडी भरणे चालले होते. मुकुंदराव शाळेबद्दल, दोन वेळच्या जेवणाबद्दल समजावत होते. लोक ऐकत होते आणि भरतही होते. शेवटी शेवंताबाई नावाच्या एक तरुण बाई हातातली घागर खाली ठेवून पुढे आल्या.

"साहेब, समदं खरं हाय तुमचं. पर लेकरं ठिवून जायाची ती कुनाच्या जिवावर? तुमी आज सांजच्याला नगरला माघारी जानार. आमी फडात, तुमी नगरात. रातीला लेकरू रडलं तर उठनार कोन?"

मुकुंदरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "मी उठेन. मी नगरला जाणार नाही. तुम्ही परत याल तोवर मी या पोरांजवळ राहतो."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. घरी त्यांची स्वतःची दोन मुले शाळेत जाणारी, दुकान ऐन उमेदीतले आणि वय पस्तिशीचे. मला वाटले, भरात बोलले, संध्याकाळी सावरून घेतील. शेवंताबाईंनाही तसेच वाटले असावे. त्या बराच वेळ त्यांचा चेहरा न्याहाळत राहिल्या. मग त्यांनी आठ-नऊ वर्षांच्या आपल्या थोरलीला, कौसाला, पुढे केले. कौसाच्या कडेवर तिची धाकटी बहीण होती, छबी. नुकती चालायला लागलेली.

"थोरली साळंत जाईल. पर धाकटीला ह्याच पोरीनं सांबाळलंय. मी फडात आसते. धाकटी माज्यासंगं न्हेली तर थोरलीबी न्ह्यावी लागंल."

क्लबाचा नियम होता, शाळेच्या वयाचीच मुले घ्यायची. आमच्यातल्या डॉक्टरांनी तो विचारपूर्वक घालून दिला होता. तान्ह्या मुलांची जबाबदारी मोठी, काही बरेवाईट झाले तर सगळे कामच बुडेल, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी मुकुंदरावांच्या कानाशी लागून त्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, "चिटणीस, धाकटी नाही तर थोरली नाही. मग आपण गोदामाला चुना कशासाठी दिला?" आणि त्यांनी हात पुढे केले. छबी त्यांच्याकडे जाताना जी रडायला लागली ती गोदामापर्यंत थांबली नाही. एका घरच्या मुली गेलेल्या पाहून आणखी घरांतली मुले आली. संध्याकाळपर्यंत तिसेक झाली.

मुकुंदराव खरोखरच परतले नाहीत. नगरला जाऊन वहिनींना, म्हणजे सौ. सुमतीबाईंना, हे सांगायचे काम माझ्याकडे आले. एस.टी.त बसून मी शब्द जुळवत होतो. वहिनींनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "अंथरूण-पांघरूण नेलंय का त्यांनी?" दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडले आणि त्या स्वतः गादीवर बसल्या. त्या काळी कापडबाजारात बाई गादीवर बसणे ही चर्चेची गोष्ट होती. ती चर्चा त्यांनी कापड मोजत ऐकली. रविवारी मुलांना घेऊन त्या तिसगावला येत आणि सोमवारी पहिल्या गाडीने दुकानावर परतत. हा गौरव अर्धा त्यांचा आहे, असे मी मानतो.

गोदामातले मुकुंदराव पाहणे हा एक अनुभव होता. नगरमध्ये कडक इस्त्रीच्या सदऱ्यात वावरणारे हे गृहस्थ पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून मुलांच्या अंघोळी घालत. मुलींच्या वेण्या त्यांना सगुणाबाईंनी शिकवल्या. "शेटजी, वेनी हाय ती, कासरा न्हाई, जरा सैल धरा," असे त्या ओरडत आणि ते निमूटपणे वेणी सोडून पुन्हा घालत. कौसा शाळेत गेली, की छबी त्यांच्या कडेवर असे. ती बोलायला लागली ती तिथेच. 'मामा' हा तिचा पहिला स्पष्ट शब्द.

थंडीत गोदामात गोवर आला. आधी तीन-चार मुलांना, मग छबीला. ज्या डॉक्टरांनी लहान मुले घेऊ नका म्हटले होते, ते नगरहून आले आणि दवाखाना बंद ठेवून तिथेच राहिले. छबीचा ताप उतरेना. त्या वेळी मुकुंदरावांनी जे केले ते मला आजही थक्क करते. मुलांना डॉक्टर आणि सगुणाबाईंवर सोपवून, मला बरोबर घेऊन ते राहात्याकडे निघाले. तिथल्या एका कारखान्याच्या फडात शेवंताबाई आणि त्यांचे यजमान तोडणीवर होते. मी म्हणालो, "आधी बरी होऊ दे, मग सांगू. आत्ता सांगितलं तर सगळे आपापली मुलं घेऊन जातील." ते म्हणाले, "जाऊ देत. पण लेकरू आजारी आहे हे आईला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. वाऱ्यावर कळता कामा नये."

उसाच्या सरीत उभ्या असलेल्या शेवंताबाईंनी आम्हाला पाहिले आणि हातातला कोयता गळून पडला. "जित्ती हाय नव्हं?" त्यांनी विचारले.

"आहे. गोवर आहे, ताप जास्त आहे. डॉक्टर उशाशी आहेत. मी तुम्हाला न्यायला आलोय."

शेवंताबाईंनी नवऱ्याकडे पाहिले, बांधावरच्या मुकादमाकडे पाहिले. तोडणीला नवरा-बायकोची जोडी लागते. एक गेले, की दुसऱ्याचेही काम थांबते. त्या खूप वेळ पदराने तोंड पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी एवढं सांगाया आलात. आता म्या येऊन वेगळं काय करनार? तुमी जा बिगीनं, तिच्यापाशी जा." भोवती जमलेल्या आयाबापांनीही ऐकले. कुणीही मूल मागे मागितले नाही. छबीचा ताप त्या आठवड्यात उतरला. गोदामातली सगळी मुले बरी झाली.

चैत्र लागला आणि गाड्या परतल्या. मुले गोदामासमोरच्या चिंचेखाली रांगेने उभी होती. आयांना पाहताच रांग मोडली आणि एकच कल्लोळ झाला. कौसा आईच्या गळ्यात पडली. शेवंताबाईंनी छबीसाठी हात पसरले. छबीने त्यांच्याकडे पाहिले आणि ती किंचाळून मुकुंदरावांच्या पायाला बिलगली. तिने आईला ओळखले नव्हते.

शेवंताबाईंचे हात तसेच राहिले. सगुणाबाई म्हणाल्या, "आठ दिस जाऊ द्या, वळखंल." शेवंताबाईंनी हसायचा प्रयत्न केला, पण ते जमले नाही. मुकुंदरावांनी छबीला उचलले, तिचे नाक पुसले आणि तिला कौसाच्या कडेवर दिले. मग टोपी घातली आणि ते एस.टी. स्टँडकडे चालू लागले. जेवण व्हायचे होते. आवराआवर करायला ते आणखी दोन दिवस राहणार होते. त्यांची वळकटीदेखील गोदामातच होती. मागून "मामा, मामा" अशी हाक येत राहिली. त्यांनी वळून पाहिले नाही.

मी धावत त्यांना गाठले. ते स्टँडवर उभे होते, डोळे लाल. म्हणाले, "मी समोर असेपर्यंत ती आईकडे जायची नाही. झोप आली की तिला कुणीतरी लागेल. ते माणूस तिची आई असलं पाहिजे." गाडी आली आणि ते चढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीवर गेलो. छबी आईच्या मांडीवर बसून भाकरी खात होती. नगरला परतल्यावर मी तडक दुकानात गेलो आणि हे सांगितले. मुकुंदराव गिऱ्हाइकाला कापड दाखवत होते. "रडली का फार?" त्यांनी विचारले. म्हटले, निजेपर्यंत रडली, मग आईच्या कुशीत झोपली. त्यांनी मान हलवली आणि गिऱ्हाइकाला भाव सांगितला. भाव सांगताना आवाज चिरकला, म्हणून वहिनींनी पुढे होऊन तो पुन्हा सांगितला.

वसतिगृह पुढेही अनेक हंगाम चालले. मुकुंदराव दर वर्षी जात. छबी जाणती होऊन स्वतः शाळेसाठी तिथे आली तेव्हा तिला त्यांची आठवण नव्हती. त्यांनी तिचे नाव विचारले आणि इतर मुलांसारखी तिलाही पाटी दिली. मी जवळच होतो, पण तेव्हा आणि नंतरही या गोष्टीचा उच्चार त्यांच्यासमोर करायचा धीर मला झाला नाही. इथे पहिल्यांदाच करतो आहे.

मुकुंदरावांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, त्यांना आणि वहिनींना पुढची कैक वर्षे कापडबाजारातल्या त्या गादीवर शेजारी शेजारी बसलेले पाहण्याचे भाग्य आम्हाला लाभो. हा लेख लिहायला घेतला तेव्हा कौसाबाईंना मुद्दाम भेटलो. त्या आता तिसगावजवळच्या शाळेत शिक्षिका आहेत. तुमच्या वतीने काय शुभेच्छा लिहू, असे विचारले.

"लिहा गुरुजी," त्या म्हणाल्या, "मामा एकदा आम्हाला न सांगता निघून गेले होते. आता तशी घाई करायची नाही म्हणावं."