नाळीवरची जागा

बोटीच्या मागच्या टोकाला इंजिन, इंजिनाला हातभर लांब दांडा आणि दांड्यापाशी तो. पुढच्या टोकाला, बर्फाच्या पेट्यांच्याही पलीकडे, मी. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासचं जवळजवळ अख्खं वर्ष मी त्याच्याकडे पाठ करून काढलं, आणि त्या वर्षभर माझं अर्धं लक्ष माझ्या पाठीकडेच होतं.

पारशिवनीजवळच्या नव्या धरणावर आमच्या मच्छीमार सोसायटीला पंचवीस फुटी लोखंडी बोट मिळाली होती. मासळी नागपूरच्या बाजारात जायची, गिऱ्हाईक भरपूर होतं, पण बोट चालवणारा कोणी नव्हता. मी कन्हानचा, नदीत डोंगा हाकत वाढलेला, तरी इंजिनाला कधी हात लावलेला नव्हता. म्हणून कोकणातून एक पन्नाशीचा माणूस वर्षाच्या करारावर आणला. त्यानं मला शिकवायचं आणि परत जायचं. मी शिकलो तर बोटीवरची पक्की नोकरी माझी. नाही शिकलो तर त्याचा करार वाढणार. आता सांगा, कोणता शहाणा माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेईल? कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं.

पंधरा दिवसांनी त्यानं दांडा माझ्या हातात दिला. मूठ पिळली की वेग वाढतो, दांडा उजवीकडे ढकलला की बोट डावीकडे जाते, एवढं सांगितलं. ऐकताना सोपं वाटलं. पण मी कामठीपर्यंत सायकल हाणणारा माणूस. काठ जवळ आला तसा मी वळायचं तिकडेच दांडा ढकलला, आणि बोट सरळ बेशरमीच्या झुडपांत घुसली. तो ओरडला नाही की हसला नाही. नुसतं म्हणाला, “आता नाळीवर बस.” नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. त्याचं ते न ओरडणंच मला खटकलं. ज्याला शिकवायचं असतं तो ओरडतो. ज्याला शिकवायचंच नाही तो कशाला घसा कोरडा करील?

त्यानंतर बहुतेक वेळ मी नाळीवरच. धरण भरण्याआधी तिथं जंगल होतं. झाडं तोडून नेली, खुंट राहिले. पाणी उतरू लागलं की ते पृष्ठभागाच्या जेमतेम खाली यायचे. खुंट दिसला की मी हात वर करायचा, त्यानं बोट वळवायची. पुढे पुढे तो आधीच विचारू लागला, “आता पुढचा खुंट कुठे?” मी चिडून सांगायचो. माझ्याच मुलखातलं पाणी माझ्याकडूनच काढून घेतो आणि स्वतःचं काही देत नाही, असा लबाड!

आणि त्याचा तो डावा हात! दर थोड्या वेळानं इंजिनाच्या मागे जायचा. मी वळून पाहिलं की ओली बोटं लुंगीला पुसत असायचा. तिथं एखादा स्क्रू असणार, तो हा ढिला करतो नि आवळतो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती इंजिन चालू नये, असं मी धरून चाललो. एका संध्याकाळी तो गेल्यावर मी चाचपून पाहिलं. एक बारीकसं भोक सापडलं. त्यानं माझा संशय आणखी वाढला.

घरी बायकोला म्हटलं, “तो मले समोरच काहून बसवते?”

“सरळ विचारा ना त्याले,” ती म्हणाली.

“विचारलं तं सावध होईल ना वं!”

“तुमाले तं सख्ख्या भावावरही भरवसा नाही,” म्हणून ती भाकरी थापायला लागली.

चैत्र आला, पाणी खूप उतरलं. करार संपायला महिना राहिला होता आणि दांडा माझ्या हाती एकूण चारदा आला होता. त्या सकाळी मी ठरवूनच निघालो. बोट भर वेगात असताना नाळीवरून उठलो, पेट्या ओलांडल्या आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लावून शेवटच्या पेटीवर बसलो. माझं ओझं मागे आलं तसं बोटीचं तोंड उठलं. समोर पाणी दिसेनासं झालं, नुसतं लोखंड आणि आभाळ.

“नाळीवर जा!” तो ओरडला. वर्षात पहिल्यांदा.

“काहून? काय लपवून राहिले काका तुम्ही?”

पुढचं दिसावं म्हणून तो अर्धवट उठला. तेवढ्यात मला आठवलं, वाकड्या पळसानंतरचा तिसरा खुंट. मी तोंड उघडेपर्यंत त्यालाही दिसला असावा. त्यानं दांडा जोरात ढकलला. बोट घासून निघाली, पण इंजिनाचा पाण्यातला पाय खुंटावर आदळला. इंजिन उसळलं, दांडा खाली आला, आणि दांडा नि बोटीची कड यांच्यामध्ये त्याचं उजवं मनगट सापडलं. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला.

त्यानं शिवी दिली नाही. मनगट छातीशी धरून म्हणाला, “आता तू घे.” आणि पेट्या ओलांडून स्वतः नाळीवर जाऊन बसला. बोटीचं तोंड खाली आलं, पाणी पुन्हा दिसू लागलं. तेव्हा मला कळलं की तो मला समोर का बसवायचा.

तो डावा हात वर करत होता, पण त्याआधीच माझा हात दांडा वळवत होता. एकेक खुंट मला पाठ होता. वर्षभर त्यानं मला दुसरं काय शिकवलं होतं?

“इंजिनाच्या मागे हात लाव,” तो पुढूनच म्हणाला. “भोकातून धार येते का बघ. कोमट असली तर ठीक. थांबली तर लगेच बंद कर, इंजिन जळेल.”

धार कोमट होती. मी ओली बोटं त्याच्यासारखीच पुसली.

सोसायटीच्या सचिवांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “माझाच हात चुकला. पोरगा तयार आहे, त्याला घ्या.” मी शेजारीच उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर नोकरी गेली असती. बोललो नाही.

पारशिवनीच्या स्टँडवर त्याची ट्रंक मीच बसवर चढवली. ते मनगट पुन्हा दांडा धरणार नव्हतं. मी विचारलं, “मले आधी काहून नाही सांगितलं?”

“पाण्यातल्या माणसाला काय सांगायचं? मला वाटलं, बसलास की कळेल.”

पुढे बरीच वर्षं मी ती बोट चालवली. नाळीवर बसणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगायचो की तो तिथं का बसलाय, आणि त्याची बोटं त्या कोमट धारेखाली धरायचो. एकानं एकदा विचारलं, “भाऊ, तुमच्या आधी बोट कोण चालवे?”

“कोकणातला एक माणूस होता,” मी म्हटलं. “त्याचा हात चुकला.”