गादीवाल्यांची चड्डी आणि शेवटचा चढ

गादीवाल्यांनी शर्यतीत सायकलच्या सीटखाली मोटर लपवली होती, ही बातमी दुपारच्या चहाच्या आत आमच्या इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर पोचली. तळमजल्यावर ती साधी बॅटरीची मोटर होती. वर जाईपर्यंत ती परदेशातून मागवलेली झाली, आणि गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्या बायकांपर्यंत आली तेव्हा तिला रिमोटही फुटला होता. सगळं खोटं. मोटर लावलेला माणूस शेवटून तिसरा येत नाही. आणि जे काही लपवलेलं होतं ते सीटच्या खाली नव्हतं, वर होतं. गादीवाल्यांच्या चड्डीत होतं.

गादीवाले म्हणजे चौकातल्या दुकानात सोफे आणि गाद्या भरून देणारे आमचे शेजारी. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी अंगठ्याने खुर्ची दाबून बघतात आणि नाडी बघितल्यासारखं तोंड करून सांगतात, "यातला फोम गेलाय." यजमान पाणी आणायला जातो तो पडलेल्या चेहऱ्यानेच. पन्नाशीत कुणाला गाणं शिकावंसं वाटतं, कुणाला जमीन घ्यावीशी वाटते. यांना सायकल सुचली. बारीक चाकांची, वाकड्या हँडलची ती सायकल थेट झोपायच्या खोलीत आली आणि खिडकीशी उभी राहिली. खिडकीशी आधी बायकोचं शिलाई मशीन होतं. ते बोळकांडीत गेलं. तिथल्या पिवळट दिव्याखाली ती सोफ्यांची कव्हरं शिवायची आणि दर टिपेला तिचं कोपर दारावर आपटायचं.

अशात एकदा साडूंकडे जेवण झालं. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, टाइल्सचं मोठं दुकान, सायकलही यांच्याआधीपासूनची आणि अंगावरचे कपडे असे घट्ट की श्वास घेतलेला बाहेरून दिसावा. गादीवाल्यांनी सवयीने त्यांच्या नव्या सोफ्यात अंगठा खुपसला आणि साडूंचा पारा चढला.

"तुझा जन्म गेला बसण्यात," साडू म्हणाले. "बसण्यापलीकडे तुला काही जमायचं नाही. म्हणे आमच्याबरोबर शर्यतीत उतरणार. चढावर सायकल ढकलत येशील."

गादीवाले कसनुसं हसले. बायको मात्र भांडी उचलता उचलता थांबली.

"चालेल, दाजी," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "अहो, ऐकलंत ना? दाजींच्या आधी वर पोचलात तर सायकल खिडकीशी राहील. नाही पोचलात तर ती विकायची आणि माझं मशीन परत उजेडात."

त्या दिवसापासून गादीवाल्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. रोज उठून आधी सायकलकडे बघायचे, जणू मुलगी सासरी निघालीय.

तयारी त्यांनी मन लावून केली, आणि घोळ तिथेच झाला. सायकल चालवायच्या खास चड्डीला बुडाशी पातळ अस्तर असतं. दुकानात त्यांनी ते अंगठ्याने दाबलं आणि म्हणाले, "हा पुठ्ठा आहे." घरी येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने फोम कापला. तोही साधासुधा नाही, वजनदार गिऱ्हाइकांच्या सोफ्यात घालतात तो.

"एवढा जाड?" बायकोने बोळकांडीत मशीन चालवता चालवता विचारलं.

"बसणं हा माझा धंदा आहे," ते म्हणाले. "तू फक्त टीप सरळ घाल."

कमरेला उशीच्या अभ्र्यातलं उरलेलं इलॅस्टिक लागलं. चड्डी तयार झाली. ती घालून गादीवाले जिना उतरले तेव्हा मागून बघणाऱ्याला वाटावं, घर बदलतायत आणि सामान सोबत घेतलंय.

शर्यतीच्या दिवशी पहिल्या टेकड्यांवर त्यांची काय ऐट. बाकीचे खड्डा आला की कण्हत होते, हे दिवाणखान्यात बसल्यासारखे चालले होते. साडू पुढे होते, पण दिसत होते. शेवटच्या मोठ्या चढाच्या पायथ्याशी पाण्याचं टेबल लावलं होतं आणि तिथे मदतीला कोण, तर बायको. ऊन मी म्हणत होतं. गादीवाले जवळ आले, आणि तिने ग्लास बाजूला ठेवून अख्खी बादली त्यांच्यावर रिकामी केली.

"किती तापलात हो," ती म्हणाली.

ही माया होती की शिलाई मशीन, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. विचारलं की ती ओढणीआड हसते आणि विषय बदलते.

चांगला फोम पाणी पितो, आणि प्यायलेलं पिळल्याशिवाय सोडत नाही. दोन वळणं गेली नाहीत तोच गादीवाल्यांना कळलं, आपण एक गुटगुटीत मूल मागे घेऊन चढतोय. चढ उभा झाला तसे बाकीच्यांसारखे तेही पायडलवर जोर द्यायला उभे राहिले. गादीवाले उठले, चड्डी उठली नाही. अभ्र्याच्या इलॅस्टिकने केव्हाच मान टाकली होती. कठड्याला टेकलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. गादीवाले धप्पकन खाली बसले आणि मनाशी ठरवलं, जीव गेला तरी आता उठायचं नाही, उतरायचं तर नाहीच.

आणि ते बसून राहिले. फच्, फच्, फच्. तोंड टोमॅटोसारखं, मांड्या पेटलेल्या, डोळ्यांपुढे खिडकीशी उभी असलेली सायकल. वरच्या अवघड वळणावर साडू खाली उतरून चाकापाशी वाकलेले दिसले.

"साडूभाऊ, उतरलात?"

"चेन बघतोय," साडू धापा टाकत म्हणाले. चेन ठणठणीत होती.

साडू पुन्हा चढून मागे लागले. पण अगदी मागे यावं तर फोममधून पिळून निघालेलं पाणी चाकावरून थेट त्यांच्या गॉगलवर उडायचं. वर तो फच् फच् आवाज. जरा वेळाने ते पुन्हा उतरले आणि या वेळी सरळ ढकलायलाच लागले.

गादीवाले वर पोचले, त्यांच्यामागून साडू आले, आणि आल्या आल्या पंच बाईंकडे गेले. या बाई शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, शिट्टी अजून गळ्यात.

"याच्या सायकलला मोटर आहे," साडू म्हणाले. "मी स्वतः आवाज ऐकलाय."

बाईंनी सीट काढली, नळी ठोकली, चाकं फिरवली. काही नाही. गादीवाले तोवर दोन्ही हातांनी कंबर धरून उभे होते. दमून ते पायरीवर टेकले, आणि त्यांच्याखालून पाण्याची धार निघून थेट बाईंच्या बुटांपर्यंत गेली. बाईंनी आधी बूट बघितले, मग चड्डी, मग शिट्टी तोंडात घालून दुसरीकडे तोंड फिरवलं, कारण पंचांनी हसायचं नसतं. बाकीच्यांना तसला नियम नव्हता. तेवढ्यात खालून टेम्पोत बसून बायको आली. तिला निकाल विचारावा लागला नाही, नवऱ्याच्या तोंडावर लिहिलेलाच होता.

"अहो, मग माझं मशीन बोळकांडीतच का?" ती म्हणाली, पण आपली ओढणी काढून तिने त्यांच्या कमरेला घट्ट बांधली.

साडूंचं समाधान होईना. "मोटर नाही तर एवढ्या चढावर एकदाही न उतरता आलास कसा?"

गादीवाल्यांनी ओढणीची गाठ चाचपली आणि म्हणाले, "साडूभाऊ, मला बसण्यापलीकडे काही जमत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतंत. म्हणून मी बसूनच आलो. चालत तुम्ही आलात."