अळणावरचं रान, गंगव्वाचं गवत आणि कुदळडोक्या किडा

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी धारवाडच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. एका सकाळी आमचा शिपाई फकिरप्पा प्रयोगशाळेत आला आणि टेबलावर काचेची बरणी ठेवली. आत ओल्या पाल्यावर वीतभर लांब, चपटा, पिवळसर किडा. पाठीवर काळी रेघ, डोकं कुदळीच्या पात्यासारखं पसरट.

"बाई, ह्याला विष असतंय काय? माझ्या वहिनीची भाकरी गेली ह्याच्यापायी."

वहिनी म्हणजे गंगव्वा. नवरा वारल्यावर ती अळणावरजवळच्या रानात गवत कापून गावात विकायची. तिच्या गिऱ्हाइकाची, ईरप्पाची, म्हैस मेली. गवताच्या भाऱ्यात असा किडा दिसला आणि साऱ्या गावानं तिचं गवत बंद केलं.

दुपारपर्यंत बरणीतला किडा अक्षरशः विरघळून त्याचा चिकट रस झाला. जिवंत किडा रानातच बघायला हवा होता. गणपतीच्या सुट्टीत मी फकिरप्पाबरोबर निघाले.

तेव्हा लोंढ्याकडे जाणारी गाडी मीटरगेजची होती. अळणावरला उतरून तासभर चालत गाव. तुम्ही जाणार असाल तर पावसाळा सरताना जा, जुने बूट घाला आणि जळवांसाठी मिठाची पुरचुंडी ठेवा. जेवणाची चिंता नको. गंगव्वानं तांदळाची भाकरी, लाल चटणी आणि ताक पुढं केलं. घरात एवढंच होतं, हे मला दुसऱ्या घासाला कळलं.

ती चाळिशीची, काटक, कमी बोलणारी. रानात तिनं एक कुजका ओंडका पायानं उलटवला. खाली तो होता. एका गांडुळाला विळखा घालून पडला होता.

"तोंड पोटाखाली असतं त्याचं," मी दाखवलं. "तिथूनच खातो."

"होट्ट्याग बायी?" ती कन्नडमध्ये ओरडलीच. पोटात तोंड? "मग डोकं कशाला, अक्का?"

"वास घ्यायला, वाट शोधायला."

ती उकिडवी बसून बघत राहिली. "ऊन लागलं की मरतो हा," ती म्हणाली. "वाळलेल्या गवतात मी कधी बघितला नाही."

संध्याकाळी आम्ही ईरप्पाच्या अंगणात गेलो. रानातून ओल्या पाल्यात आणलेला किडा मी तळहातावर ठेवला. थंड, बुळबुळीत.

"बघा अण्णा, काही होत नाही. विष नाही ह्यात," मी वर्गात सांगते तसं ठणकावून सांगितलं.

ईरप्पा शांतपणे म्हणाला, "माझ्या म्हशीनं हातावर नव्हता घेतला, बाई. खाल्ला होता. तुम्ही खाऊन दाखवा."

म्हैस कशानं मेली, मला ठाऊक नव्हतं. ते मी तिथंच कबूल केलं. ईरप्पाचे डोळे भरले होते. सहा वर्षं त्यानं ती म्हैस सांभाळली होती.

तेव्हा गंगव्वा पुढं झाली. "अण्णा, मी गवत इथं तुझ्या अंगणात पसरते. उन्हात वाळवते, काडी न् काडी तुझ्यासमोर झटकते. मग तरी घेशील?"

दारातून ईरप्पाच्या बायकोचा आवाज आला, "आण गं उद्या."

दुसऱ्या दिवशी थोडं ऊन पडलं. गंगव्वा दोन तास वाकून गवत झटकत होती. शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या भाऱ्यात एक किडा निघाला. गंगव्वानं तो काडीनं उचलून सगळ्यांना दाखवला, बाजूला टाकला आणि पुन्हा झटकायला लागली. त्यानंतर ईरप्पानं स्वतः गवत गोठ्यात नेलं.

मी धारवाडला परतले. दिवाळीनंतर फकिरप्पानं सांगितलं, चार घरं पुन्हा तिचं गवत घेतात.

कितीतरी वर्षांनी माझ्या वाचनात आलं की असल्या काही किड्यांच्या अंगात खरोखरच थोडं विष सापडलं आहे. म्हैस मारण्याइतकं असेल असं मला आजही वाटत नाही. पण त्या अंगणात मी जे ठणकावलं ते पुरतं खरं नव्हतं, आणि ईरप्पाची भीती अगदीच खुळी नव्हती. गंगव्वा आमच्या दोघांपैकी कुणाच्याच भरवशावर राहिली नाही. तिनं गवत झटकलं.