राईतली गोष्ट बाहेर कशी गेली

फौजेत मी रसद खात्यात होतो. लढाईपेक्षा डाळ-तांदूळ, डिझेल आणि खेचरांचा चारा यांच्याशीच माझा जास्त संबंध आला. आमचे कमांडिंग ऑफिसर म्हणायचे, "रसदवाल्याने सगळ्यांशी गोड बोलावं आणि कोणावरही विश्वास ठेवू नये." अल्पमुदतीचा करार संपल्यावर मी बाहेर पडलो, अर्थशास्त्रात एम.ए. केलं आणि एका सरकारी नियोजन कार्यालयात संशोधन अधिकारी म्हणून लागलो. फौज सुटली, पण समोरच्याच्या बोलण्यामागे काय आहे ते हुंगत राहायची सवय सुटली नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा आम्ही दादरच्या भाड्याच्या खोल्या सोडून भाईंदर पश्चिमेला फ्लॅट घेतला. बायको बँकेत होती. पाण्याच्या टँकरवरून ती महिन्याभरातच हिंदीतून भांडायला शिकली. मी तिथेच राहतो म्हणून कार्यालयाने माझ्याकडे एक काम सोपवलं. भाईंदरजवळच्या राई-मुर्धा गावांकडची मिठागरं आणि भरतीचं पाणी शिरणारी खाडीकाठची खाजणं हळूहळू बांधकामाखाली जात होती. तिथली कुटुंबं पुढे कशावर जगतील, याचा अभ्यास करून सरकारच्या समितीला धोरण सुचवायचं होतं.

मी स्कूटरवरून राईला जाऊ लागलो. बारीक कापलेले केस, ताठ चाल, हातात कागद. मला बघून लोक बोलता बोलता थांबायचे. एका घरात म्हातारी आई आणि तिचे दोन मुलगे होते. थोडी भातशेती, थोडी मासेमारी आणि खाडीला लागून खाजणाचा मोठा तुकडा. म्हातारीने मला ओटीवरच थांबवलं.

"तू कोनाचा मानूस? बिल्डरचा का सरकारचा?"

"सरकारचा."

"मंग उभ्यानं बोल."

चौथ्या-पाचव्या खेपेला तिने बसायला पाट दिला. त्या दिवशी थोरला मुलगा मला बांधावर घेऊन गेला. जमीन ठेवायची असं त्याचं आणि आईचं ठरलं होतं. धाकट्याला मात्र विकून मोकळं व्हायचं होतं. "आईला अजून ठावं न्हाय," तो म्हणाला. "तुमाला सांगतो, कारन तुमी अभ्यास करताय."

कच्च्या अहवालात मी हे उदाहरण म्हणून लिहिलं. नाव अर्थातच दिलं नाही. राईतले दोन भाऊ, खाडीलगतचा तुकडा, धाकटा छुपेपणाने विकायला तयार, एवढंच. तो मसुदा मी वरिष्ठांच्या हातात दिला. घरी त्याबद्दल बोललो नव्हतो, बायकोशीसुद्धा.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी माझे ते जुने कमांडिंग ऑफिसर दारात उभे राहिले. निवृत्त झाले होते आणि एका बांधकाम कंपनीचे सल्लागार होते. पेढ्यांचा पुडा आणला होता. बायकोने पोहे केले. जुन्या छावणीच्या, खेचरांच्या, एका वेड्या स्वयंपाक्याच्या गप्पा निघाल्या. मी मनापासून हसत होतो. मग बशी खाली ठेवत ते सहज म्हणाले, "ते राईचे दोघं भाऊ. धाकट्याला नीट गाठलं तर काम होईल, नाही का?"

मी म्हटलं, "कोणते भाऊ, सर?"

"अरे, तुझाच तर अभ्यास आहे."

ते गेल्यावर मी पेढे तसेच शेजारी देऊन टाकले. बायको म्हणाली, "इतका का बिथरलायस? गावात कळलं असेल त्यांना." तसंही असू शकत होतं. पण 'धाकटा' हा शब्द त्यांनी ज्या खात्रीने उच्चारला, ती खात्री गावगप्पांतून येत नाही. मी एकेकाला मनात उभं करून बघू लागलो. वरिष्ठ, मसुदा टंकणारा टंकलेखक, तो मागवून वाचलेले समितीवरचे एक सभासद. टंकलेखकाबरोबर मी रोज डबा खायचो. आता त्याने भाजी पुढे केली तरी मला वाटायचं, हा आज एवढा आग्रह का करतोय?

त्याच आठवड्यात रजा टाकून मी राईला गेलो आणि म्हातारीसमोर सगळं सांगितलं. थोरला ऐकता ऐकता उठून उभा राहिला. "ही गोष्ट मी तुमालाच सांगितली होती," तो म्हणाला, "दुसऱ्या कोनाला न्हाय." म्हातारीने धाकट्याला हाक मारली आणि माझ्यासमोरच विचारलं. तो आधी नाही म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, गेल्या पंधरवड्यात एक माणूस दोनदा भेटून गेलाय, आईला सांगू नको म्हणाला होता.

"जो आईपासून लपवायला सांगतो, तो भाव बरोबर देईल का रं?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू सांगायला आलास, बरं केलंस. पन आता इचारायला येऊ नको."

कार्यालयात मी तो भाग काढला आणि कोणतंही कुटुंब ओळखता येणार नाही असा अहवाल नव्याने लिहिला. वरिष्ठांनी तो चाळला. "तपशील कुठे गेला?"

"धोरणाला तो लागत नाही, सर."

"मग लागतो कोणाला, असं म्हणायचंय तुम्हाला?"

ते हसले. "तुम्ही अजून फौजेतच आहात. सगळीकडे शत्रू दिसतो." काही आठवड्यांत माझी बदली दुसऱ्या शाखेत झाली. ती नेहमीची बदली होती की शिक्षा, मला कळलं नाही. अहवाल विचाराधीन राहिला. पुढे मी नोकरी सोडली आणि एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागलो.

जुन्या साहेबांची गाठ एकदा पलटणीच्या स्नेहभोजनाला पडली. मी सरळ विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ते कळून आता काय करणार आहेस?" म्हणाले आणि दुसऱ्याच कोणाकडे वळले. माझा आजही तिघांवर संशय आहे. त्यातला एक मला मनापासून आवडायचा. डब्यातली भाजी मी त्याच्याकडून पुन्हा कधी घेतली नाही. तो निर्दोष असेल तर त्याला याचं कारण कधीच कळलं नसेल.

राईच्या भावांनी तो तुकडा आणखी काही वर्षं धरून ठेवला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोघांनी मिळून, वकील सोबत घेऊन तो विकला. होडी लावायला खाडीची कड मात्र ठेवली. म्हातारी मला त्याच सुमारास भाईंदरच्या मासळी बाजारात कोळंबी विकताना दिसली. मी आता सरकारचा नाही, कॉलेजात शिकवतो, असं मी आपण होऊनच सांगितलं.

"बरं हाय," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी कोळंबीचा वाटा लावू लागली.