मेश्रामभाऊंनी सोपवलेला रस्ता

सई आणि आदित्य, परवा फोनवर तुम्ही दोघांनी मला, "आजी, आता एकटी बाहेर जाऊ नकोस," अशी सूचना केलीत. तिला उत्तर देण्याआधी तुम्हाला मेश्रामभाऊंची ओळख करून द्यायला हवी.

मनीषनगरच्या आमच्या गल्लीत ते शेजारी राहायला आले, त्याच दिवशी पिवळ्या रंगाचा डबा घेऊन माझ्या फाटकापुढे उकिडवे बसलेले दिसले. माझ्या पायरीची कड रंगवत होते.

"अहो, ही माझी पायरी आहे," मी म्हणाले.

"पायरी तुमची आहे जी, पण पडणार मी आहो."

कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी जन्मभर नोकरी केली होती. तिथल्या पायऱ्यांना असे पिवळे पट्टे असत. निवृत्तीनंतर काचबिंदूमुळे त्यांना समोरचं जेमतेम दिसे, पायाखालचं दिसत नसे. पिवळा रंग मात्र लांबून कळे. महिनाभरात गल्लीतल्या पायऱ्या, वर आलेली झाकणं, खांबाचा चौथरा, सगळं पिवळं झालं. दोन वर्षं जागची न हललेली एक स्कूटरही त्यातून सुटली नाही.

त्यांची मुलगी वैशाली शाळेत शिकवते. तिची एकच अट होती: "बाबा, एकदा जरी पडले न तुम्ही, तर एकट्याने फिरणं बंद." सकाळी दूध आणायला जाणं, एवढीच त्यांची मोकळीक उरली होती.

ती मी घालवली. माझ्या फाटकापुढच्या गटाराचं झाकण फुटलं होतं. त्यासाठी मी तीन अर्ज केले होते. एका दुपारी माणसं आली आणि नवं झाकण बसवून गेली. मला फार समाधान वाटलं. भाऊंना सांगायचं राहिलं. दुसऱ्या सकाळी त्यांनी सवयीने तो खड्डा चुकवायला उजवीकडे मोठं पाऊल टाकलं आणि तिथे टाकून दिलेल्या जुन्या झाकणाच्या तुकड्यांवर पडले. मनगट मोडलं.

मी माफी मागायला गेले. वैशालीने चहा दिला. भाऊ म्हणाले, "खड्डा बुजवला, चांगलं केलं ताई. पण मले सांगितलं काहून नाही?" कोराडीत पाळी सुटताना जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं सांगूनच जागा सोडे: कुठे तेल सांडलंय, कुठली जाळी उघडी आहे. "रस्ता काल होता तसाच आज राहते, असं समजाचं नाही."

"यापुढे रोज पाळी मी सोपवीन," मी वैशालीला म्हणाले.

"आणि विसरलात तर, काकू?"

"लिहून ठेवीन."

माझे अर्ज तिला ठाऊक होते. भाऊंना पुन्हा एकटं जाऊ द्यायला ती तयार झाली.

प्लास्टर निघाल्यावर रोज सकाळी मी आधी गल्ली चालून येई आणि त्यांच्या फाटकाशी उभी राहून सांगे, "डावीकडे रेती. खांबाजवळ कुत्रं झोपलंय."

"काळं का पांढरं?"

"काळं."

"मंग ते नाही उठत. मीच वळसा मारतो."

नंतरची सहा वर्षं ते एकदाही पडले नाहीत. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले.

आता माझी नजर अधू झाली आहे. शाळेला निघण्याआधी वैशाली माझ्या फाटकाशी थांबते. "काकू, तिसऱ्या घरापुढे विटा आहेत. स्कूटर तिथेच आहे." पायरीवरचा पट्टा ती दर दिवाळीला नव्याने रंगवते. मग मी एकटी दूध आणायला जाते.