पवायापर्यंत सायकलने, जुईसाठी

मी नाव नोंदवलं तेव्हा समीर, माझा नवरा, एवढंच म्हणाला, "झेपणार आहे का तुला?" दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःचंही नाव देऊन टाकलं. दिल्लीत कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना राहायला धर्मशाळा बांधायची आहे, तिच्या निधीसाठी ही सायकलफेरी. आमच्या जुईच्या आजारपणात आम्ही तिथल्याच एका इस्पितळाच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून राहिलो होतो. अकरा वर्षांची होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

जानेवारीतल्या एका रविवारी उजाडता उजाडता ग्वाल्हेरच्या इंदरगंजहून निघालो. तुम्ही जाणार असाल तर हातमोजे घ्याच. धुक्यात बोटं अशी आखडतात की ब्रेक दाबता येत नाही. झाशी रोडवर ट्रक फार, म्हणून डबऱ्यापर्यंत एकामागे एक, कडेकडेने. आयोजकांतला चिन्मय सारखा मागे येऊन बघून जायचा. "काकू, आराम से चालवा, गाडी पीछे आहेच."

डबऱ्यात गरम बेढई, म्हणजे डाळ भरलेली तिखट पुरी, आणि जिलबी खाऊन भितरवारच्या रस्त्याला लागलो. इथून ट्रक कमी होतात आणि दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली. सगळे फोटो काढत होते. माझा फोन खिशातच राहिला.

पवायाच्या अलीकडे एका टपरीवर थांबलो. चहा दहा रुपये, आलं भरपूर. चहावाल्या बाईंनी सहज विचारलं, "बच्चे कितने हैं, दीदी?"

"नहीं हैं," मी म्हटलं. हल्ली असंच सांगते. पुढचे प्रश्न येत नाहीत.

समीरने पेला खाली ठेवला. "एक है," तो म्हणाला. "बेटी. जुई नाम है उसका." आणि सायकल घेऊन निघून गेला.

"कुछ गलत पूछ लिया क्या?" बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. मी चहाचे पैसे ठेवले आणि त्याच्यामागे निघाले. वारा समोरून होता, मांड्या भरून आल्या होत्या. तो कुठेच दिसेना.

सापडला तो पवायालाच, सिंध नदीच्या काठी, देवळाच्या पायऱ्यांवर. मी शेजारी बसले.

"तुझा राग नाही गं आला," तो म्हणाला. "पण 'नाही' म्हणू नकोस. मला ऐकवत नाही."

मग तो रडला. स्मशानातही सगळी व्यवस्था बघत फिरणारा हा माणूस, मी त्याला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. चिन्मय फोटोसाठी बोलवायला आला होता. आम्हाला बघून तसाच मागे फिरला.

परतताना सायकली टेम्पोत, आम्ही बसमध्ये. संध्याकाळी माधवगंजला घरी पोचलो. वाटेत चढ फारसे नाहीत. रोज थोडी सायकल चालवत असाल तर जरूर जा. धर्मशाळेला अजून वेळ लागेल, पण काम सुरू झालंय. माझे पाय दोन दिवसांत बरे होतील.

मी खिचडी टाकत होते, तेव्हा समीर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. दिल्लीत जुईचे उपचार चालू असताना नोकरीसाठी त्याला मध्येच ग्वाल्हेरला यावं लागलं होतं. ती गेली तेव्हा तो दिल्लीच्या गाडीत होता. त्या दुपारबद्दल त्याने मला कधीच काही विचारलं नव्हतं.

"शेवटी काही बोलली का गं ती?"

"बाबा कुठवर आले, विचारत होती."

"मग?"

"मी म्हटलं, मथुरा गेली."

"गाडी तर अलीकडे आग्र्यालाच उभी होती. फोनवर सांगितलं होतं मी तुला."

"हो," मी म्हटलं. "पण मथुरा ऐकून ती हसली."